कॉम्प्रेसर नंतर, टेप आधी!
मॉडेल विमानांच्या कॅमोफ्लाज रंगकामात ब्रशवाल्या कारागिरालाही जागा आहे

प्लॅस्टिकची छोटी विमाने आणि रणगाडे जोडून रंगवणे हा पोरांचा खेळ, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. ब्रिटन, जपान, अमेरिका, झेक प्रजासत्ताक या देशांत मात्र हा मोठ्या माणसांचा छंद असून त्यावर कारखाने, दुकाने आणि मासिके उभी आहेत. मॉडेल जोडणे फारसे अवघड नाही, सुटे भाग साच्यातून तयार होऊनच येतात. अवघड आहे ते रंगकाम. म्हणूनच ज्यांना हौस आहे पण हात नाही, अशी मंडळी दुसऱ्याकडून मॉडेल रंगवून घेतात आणि त्याचे पैसे मोजतात. आपल्याकडेही असे गिऱ्हाईक आहे. हवाई दलातून किंवा लष्करातून निवृत्त झालेला अधिकारी, संग्रह करणारा शौकीन, दर्शनी कपाटात काचेच्या पेटीत विमान ठेवू पाहणारी संस्था किंवा शाळा. गिऱ्हाईक संख्येने थोडे आहे हे खरे, पण काम बघून पुन्हा येणारे आहे.

या पानावर हा विषय घेण्याचे कारण वेगळेच आहे. फ्लेक्सचे फलक आले आणि दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांच्या हातचे काम गेले. ज्यांचा हात ब्रशवर बसलेला आहे, ज्यांना एका दमात सरळ रेघ ओढता येते, असे किती तरी कारागीर आज दुसऱ्याच कामाला लागलेले दिसतील. त्यांच्यापैकी कोणी मॉडेल रंगवण्याचा विचार केला, की पहिला सल्ला मिळतो तो असा: “एअरब्रश आणि कॉम्प्रेसर घे, त्याशिवाय कॅमोफ्लाज जमणार नाही.” मग कर्जाचा विचार सुरू होतो आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

हा सल्ला अर्धवट आहे. एअरब्रश चांगले हत्यार आहे, यात वाद नाही. पण लहान मापाच्या मॉडेलवर कॅमोफ्लाजची कड कशी दिसावी, याचा हिशेब मांडला तर तो ब्रशवाल्याच्या बाजूने झुकतो. अट एकच, त्याला मास्किंग आले पाहिजे.

हिशेब काय सांगतो?

कॅमोफ्लाज म्हणजे शत्रूच्या नजरेला चकवण्यासाठी विमानावर किंवा रणगाड्यावर दोन-तीन रंगांचे वेडेवाकडे पट्टे देणे. हे काम मुळात चित्रकारांचेच. पहिल्या महायुद्धात १९१५ साली फ्रेंच सैन्याने यासाठी स्वतंत्र तुकडी उभारली तेव्हा तिचा प्रमुख एक चित्रकार होता. पुढे विमानांवर हे रंग स्प्रेगनने मारले जाऊ लागले. त्यामुळे जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो, तिथे थोडीशी विरती कड तयार होते. मॉडेलवरही अशीच विरती कड हवी, म्हणून एअरब्रश हवा, असा युक्तिवाद केला जातो.

आता आकडे पाहू. समजा मूळ विमानावर ही विरती कड दोन इंच, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर रुंद होती. १:७२ या मापाच्या मॉडेलवर तिची रुंदी होते ०.७ मिलिमीटर. क्लच पेन्सिलचे ०.७ चे शिसे हातात घेऊन पाहा, तेवढीच! १:४८ मापात ती एक मिलिमीटरच्या आसपास येते. १:२४ च्या मोठ्या मॉडेलवर मात्र दोन मिलिमीटर भरते आणि डोळ्यांना स्पष्ट दिसते. मूळची कड एकच इंच असेल तर हे आकडे आणखी निम्मे करा.

याचा अर्थ असा, की १:७२ मापाच्या विमानावर नवखा माणूस एअरब्रशने तीन-चार मिलिमीटरची धुरकट कड उमटवतो, तेव्हा तो मूळ विमानावर जवळजवळ पाऊण-एक फुटाची कड दाखवत असतो. ते चूकच आहे. त्यापेक्षा मास्क लावून ब्रशने काढलेली स्वच्छ, धारदार कड सत्याच्या अधिक जवळ जाते. म्हणून पहिले एक वर्ष तरी १:७२ मापाची कामे घ्यावीत आणि कॉम्प्रेसरचे पैसे खिशातच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटारीच्या रंगातून आलेली टेप

मास्किंग म्हणजे जिथे रंग लागू नये तो भाग झाकणे. गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या गॅरेजमध्ये काचेभोवती टेप आणि वर्तमानपत्र चिकटवलेले आपण रोज पाहतो. ही टेप जन्मालाच आली ती मोटारीच्या रंगकामातून. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची फॅशन आली. रंगारी एक भाग कागदाने झाकून दुसरा रंग मारीत, पण कागद काढताना खालचा ताजा रंगही सोलून निघे आणि सारे काम पुन्हा करावे लागे. सँडपेपर बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीचा रिचर्ड ड्रू नावाचा तरुण कर्मचारी सँडपेपरचे नमुने घेऊन अशा गॅरेजमध्ये जात असे. रंगाऱ्यांचा संताप त्याने प्रत्यक्ष पाहिला आणि खटपट करून १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. सुरुवातीच्या टेपला फक्त दोन्ही कडांना गोंद होता. त्या कंजूषपणावर एका रंगाऱ्याने चिडून टोमणा मारला आणि त्यातूनच ‘स्कॉच’ हे नाव पडले, असा किस्सा सांगितला जातो.

शंभर वर्षांनंतरही मॉडेल रंगवणाऱ्यापुढे प्रश्न तेच दोन आहेत. टेप सैल बसली तर रंग खाली झिरपतो आणि फार घट्ट चिकटली तर खालचा रंग सोलून येतो. सारा हुन्नर या दोहोंच्या मध्ये आहे.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पांढरट कागदी टेप भिंतीला आणि मोटारीला ठीक आहे. मॉडेलला ती चालत नाही. तिचा कागद सुरकुतलेला असतो, त्या सुरकुत्यांतून रंग आत शिरतो आणि कड करवतीच्या दातांसारखी येते. शिवाय तिचा गोंदही जास्त जोरकस असतो. मॉडेलसाठी पातळ जपानी कागदाची पिवळी टेप येते. शिझुओका शहरातील तामिया कंपनीची ६, १०, १८ आणि ४० मिलिमीटर रुंदीची टेप जगभर वापरली जाते. ती महाग आहे, म्हणून कारागीर एक युक्ती करतात. कडेला तेवढी पिवळी टेप लावायची आणि आतला मोठा भाग साध्या टेपने किंवा कागदाने झाकायचा. मात्र साधी टेप पिवळ्या टेपच्या पाठीवरच चिकटली पाहिजे, रंगावर नाही. सेलोटेप या कामात आणूच नये. तिचा गोंद मागे राहतो आणि तिला नेमका वळणाचा काप देणे कठीण जाते.

स्पिटफायरचे उदाहरण

उदाहरणासाठी ब्रिटनचे स्पिटफायर हे लढाऊ विमान घेऊ, कारण शिकणारा बहुधा याच विमानापासून सुरुवात करतो. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायरचे किट बाजारात आणले आणि तेव्हापासून या विमानाची किती तरी किट निघाली. २००६ मध्ये एअरफिक्स हॉर्नबी कंपनीच्या ताब्यात गेली. त्यानंतरच्या काळातील एअरफिक्सच्या अनेक खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले आढळते, हे आपल्या व्यापारी वाचकांनी जरूर लक्षात घ्यावे. ज्या किटच्या रंगकामाचे पैसे परदेशात मोजले जातात, त्याचे प्लॅस्टिक आपल्या देशात ओतले गेले आहे!

१९४० च्या ‘ब्रिटनच्या लढाई’तील स्पिटफायरला वरून दोन रंग असत, मातकट तपकिरी आणि गडद हिरवा. खालचा रंग फिकट हिरवट-निळसर. हंब्रॉल कंपनीच्या इनॅमल रंगांत हे अनुक्रमे २९, ३० आणि ९० क्रमांकाचे डबे. पट्ट्यांचा आकार कारागिराच्या मर्जीवर नव्हता. त्याचे ठरलेले नकाशे होते आणि त्यांत ‘ए’ व ‘बी’ असे दोन प्रकार होते. बी म्हणजे ए ची आरशातली प्रतिमा. विमानाचा अनुक्रमांक सम असेल तर ए आणि विषम असेल तर बी, असा सर्वसाधारण दस्तूर होता आणि १९४१ च्या सुमारास तो बंद झाला. धंद्याच्या दृष्टीने ही सोयच आहे. एकच ट्रेसिंग उलटे केले की दुसरा नकाशा तयार.

स्पिटफायरच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर होती. १:७२ मापात ती १५६ मिलिमीटर होते, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. नकाशा १:७२ चा असेल आणि मॉडेल १:४८ चे, तर झेरॉक्सवाल्याला १५० टक्के मोठा करून मागावा. १:३२ साठी २२५ टक्के.

इथे एक अडचण येते. नकाशा सपाट कागदावर असतो आणि विमानाचे अंग गोल. वरून काढलेल्या चित्रात धडाच्या बाजूचा भाग आखूड दिसतो. त्यामुळे कागदावरून जशीच्या तशी कापलेली टेप पंखावर नीट बसते, पण धडावरून बाजूला वळताना अपुरी पडते आणि दोन्हीकडच्या रेषा जुळत नाहीत. यावर उपाय असा. आधी मॉडेलवरच मऊ पेन्सिलीने हलकी रेघ ओढून पट्टे आखून घ्यावेत. वरच्या आणि बाजूच्या दोन्ही चित्रांकडे पाहत रेषा जुळवाव्यात. मग टेपचे रुंद तुकडे त्या रेषेवर हलकेच ठेवावेत. पिवळी टेप अर्धपारदर्शक असल्याने खालची रेघ दिसते, ती टेपवर गिरवून घ्यावी. टेप उचलून काचेच्या तुकड्यावर चिकटवावी आणि नव्या कोऱ्या ब्लेडने रेघेवरून कापावी. मॉडेलवर ठेवूनच टेप कापण्याचा मोह होतो, तो टाळावा. ब्लेडचा ओरखडा प्लॅस्टिकवर कायमचा उमटतो आणि रंगाखालूनही दिसतो.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. काचेवर टेपच्या एक ते दीड मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. एवढी अरुंद पट्टी बोटाने हळूहळू वळवत नेली की नागमोडी वळणे घेते. तिने फक्त सीमा आखायची आणि आतला भाग मोठ्या तुकड्यांनी भरून काढायचा.

ब्रशची दिशा

खरी परीक्षा पुढे आहे. स्प्रेमध्ये रंग वरून पडतो, ब्रश मात्र रंग ढकलत नेतो. म्हणून टेपखाली रंग झिरपण्याचा धोका ब्रशवाल्याला जास्त. हे काम टप्प्याटप्प्यानेच करावे लागते.

जोडलेले मॉडेल आधी भांड्याच्या साबणाने धुवावे, कारण साच्यातून आलेल्या प्लॅस्टिकवर तेलकट अंश असू शकतो. सुकल्यावर प्रायमरचा पातळ हात. प्रायमर चुकवला तर टेप काढताना रंग थेट प्लॅस्टिकपासून सुटतो आणि दोष टेपला दिला जातो. मग फिकट रंगापासून गडदकडे जावे. स्पिटफायरला आधी पोटाचा फिकट रंग, नंतर वरचा सगळा भाग तपकिरी आणि शेवटी हिरवा. दोन रंगांच्या मध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा. इनॅमल वरून एका रात्रीत सुकल्यासारखे वाटते, पण आतून पक्के व्हायला कित्येक दिवस घेते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर आणखी थांबावे लागते. बोटाला वास येत असेल तर अजून टेप लावू नये, अशी एक साधी खूण जुने रंगारी सांगतात. ती इथेही लागू पडते.

टेप लावण्यापूर्वी ती दोन-तीनदा काचेवर किंवा पँटच्या कापडावर चिकटवून उचलावी. तिचा जोर थोडा कमी होतो. मॉडेलवर बसवल्यावर कडेवरून नख नव्हे, तर लाकडी टूथपिकची गोल बाजू फिरवावी. जिथे पत्र्यांच्या जोडांची खोबण कडेला आडवी जाते, तिथे टूथपिकचे टोक खोबणीत दाबून टेप आत बसवावी. बहुतेक झिरप इथूनच होते.

आता सगळ्यात उपयोगाची युक्ती. टेप बसल्यावर लगेच हिरवा रंग लावायचा नाही. टेपच्या कडेवरून पुन्हा खालचाच तपकिरी रंग पातळ करून फिरवायचा. कुठे फट राहिली असेल तर तिथून तपकिरीच झिरपेल, म्हणजे तपकिरीवर तपकिरी, काहीच दिसणार नाही. फट बुजली की तो सुकू द्यावा आणि मग हिरवा लावावा. ज्यांना घाई असेल ते तपकिरीऐवजी पारदर्शक वॉर्निश वापरतात. पण ब्रशने लावलेल्या वॉर्निशची चमक कडेला राहते, म्हणून मी तपकिरीच्याच बाजूने आहे.

हिरवा रंग दुधाइतका पातळ असावा. सपाट, मऊ केसांचा ब्रश रंगात बुडवून कागदावर थोडा टिपून घ्यावा. ब्रशची चाल टेपवरून बाहेर, मोकळ्या भागाकडे. मोकळ्या भागातून टेपकडे ब्रश आणला की केस कडेखाली शिरतात आणि रंग आत ढकलतात. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला ही गोष्ट सांगितल्यावर तो हसेल, कारण स्टेन्सिलवर काम करताना तो हेच करीत असे. एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत. जाड हात दिला तर टेपच्या कडेला रंगाचा बांध साचतो. एवढ्याशा विमानावर तो बांध शेताच्या बांधासारखा दिसतो.

टेप कधी काढायची? रंग बसला आहे, पण दगड झालेला नाही, अशा वेळी. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाला साधारण अर्धा ते एक तास, इनॅमलला काही तास. टेप वर उचलून ओढू नये. तिचे टोक मागे दुमडून, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, सावकाश सोलावे. एवढे करूनही थोडा उंचवटा राहिलाच तर रंग पूर्ण पक्का झाल्यावर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून दोन-चार वेळा हलका फिरवावा. मग साऱ्या विमानावर मॅट वॉर्निशचा एक हात. स्प्रेच्या डब्यातले लॅकर वॉर्निश भर पावसाळ्यात मारू नये. हवेतल्या ओलीने त्यावर पांढुरकी झाक येते आणि पंधरा दिवसांचे काम पाच मिनिटांत जाते.

शिकण्यासाठी किट खराब करण्याची गरज नाही. लग्नातले आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे चमचे जमवावेत. चमच्याचा बाक विमानाच्या धडासारखाच असतो. चमच्यावर न झिरपलेली कड दहापैकी नऊ वेळा आली की खऱ्या मॉडेलला हात घालावा.

विरती कड हवी असेल तर

मोठ्या मापाच्या कामात विरती कड टाळता येत नाही. एअरब्रशवाले यासाठी पोस्टर चिकटवायची रबरासारखी पुट्टी वापरतात. तिच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या वळ्या करून सीमेवर ठेवतात. वळीच्या गोलाईखाली फवारा थोडासाच शिरतो आणि कड आपोआप विरते. मुलांची खेळायची क्ले यासाठी वापरू नये. तिचे तेल रंगात उतरते. ब्रशवाल्याला वळ्यांचा उपयोग नाही, कारण तिच्या पोटाशी ब्रशचा रंग साचतो. त्याने आधी टेपने धारदार कड काढावी. मग दोन्ही रंग समप्रमाणात मिसळून मधली छटा करावी आणि केस आखूड कापलेल्या, जवळजवळ कोरड्या ब्रशने त्या कडेवर ठिपके देत जावे. काम जिकिरीचे आहे, पण १:४८ पर्यंत डोळा फसतो.

जर्मन मेसरश्मिट विमानांच्या बाजूला जे ढगाळ ठिपके दिसतात, त्यांना मात्र मास्कचा फारसा उपयोग होत नाही. नवशिक्याने अशी ऑर्डर सरळ नाकारावी. त्याऐवजी युद्धाच्या सुरुवातीच्या काळातील जर्मन स्टुका बॉम्बफेकी विमान घ्यावे. त्याच्या पाठीवर दोन गडद हिरव्या छटांचे सरळ रेषांचे, काचेच्या ठिकऱ्यांसारखे पट्टे आहेत. सरळ रेघ म्हणजे टेपचे माहेरघर! याच जातीचे सर्वांत कठीण उदाहरण म्हणजे स्वीडनचे व्हिगन लढाऊ विमान. चार रंगांच्या असंख्य कोनदार तुकड्यांनी त्याचे सारे अंग भरलेले असते आणि प्रत्येक रंगासाठी मास्किंगची नवी फेरी करावी लागते. त्याचा भाव ठरवताना तास मोजूनच बोलावे.

ज्या जागी टेप बसत नाही, जसे कॉकपिटच्या काचेच्या चौकटी किंवा चाकांच्या खाचा, तिथे द्रव मास्क येतो. हंब्रॉलचा मास्कॉल त्यापैकी एक. हे मुळात रबराचे द्रावण, सुकल्यावर साल काढावी तसे निघते. त्याला चांगला ब्रश लावू नये. जुना ब्रश साबणाच्या पाण्यात भिजवून मगच वापरावा, नाहीतर केस कायमचे चिकटतात. ते फार दिवस मॉडेलवर ठेवू नये. शिवाय काही द्रव मास्कमध्ये अमोनिया असतो आणि तो ॲक्रिलिक रंगाला खराब करू शकतो, म्हणून आधी चमच्यावर पाहावे. प्रयोगशाळेत बाटल्यांची तोंडे बंद करायला जे पॅराफिल्म वापरतात, तेही काही कारागीर ताणून मॉडेलवर बसवतात. त्यात गोंद नसल्याने खालचा रंग सोलण्याची भीती कमी.

रेडियमवाल्याशी भागीदारी

आता धंद्याचा मुख्य मुद्दा. समजा एका स्पिटफायरचे मास्क हाताने आखून, कापून लावायला चार तास लागले आणि रंगाचे हात द्यायला दोन तास. म्हणजे मजुरीचा मोठा भाग टेपवर जातो, रंगावर नाही. तेच विमान पुन्हा रंगवायचे झाले तर पुन्हा चार तास. हा वेळ कमी झाला तरच धंदा.

झेक प्रजासत्ताकातील एदुआर्द कंपनीने हे ओळखले आणि पिवळ्या कागदी टेपमध्ये तयार कापलेले मास्क विकायला काढले. आज तिची मालिका फार मोठी आहे. आपल्याकडे हे काम करू शकणारा माणूस प्रत्येक नाक्यावर बसला आहे, तो म्हणजे मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर रेडियम कापून देणारा. त्याच्या प्लॉटरला अक्षर काय आणि स्पिटफायरचा पट्टा काय, सारखेच. फक्त त्याच्या रेडियमवर मास्क कापून घेऊ नयेत. ते जाड असते, गोलाईवर बसत नाही आणि त्याचा गोंद रंग उपटतो. पातळ पिवळी टेप मेणकट पाठकागदावर शेजारी शेजारी लावून न्यावी आणि पात्याचा दाब कमी ठेवायला सांगावे.

आकार कुठून आणायचा? पहिले मॉडेल हातानेच करावे. रंग झाल्यावर टेप सोलताना तुकडे फेकू नयेत. काचेवर सपाट लावून प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि स्कॅन करावे. मॉडेलच्या गोलाईवर प्रत्यक्ष बसलेले तुकडे असल्याने हेच सर्वांत अचूक आकार. पुढच्या प्रत्येक विमानाचे चार तास घटून एखाद्या तासावर येऊ शकतात. जिथे दोन तुकडे भिडतात तिथे दोन-तीन मिलिमीटर जास्तीची टेप ठेवावी. दुसऱ्या कंपनीने विकायला काढलेल्या मास्कची नक्कल करून विकणे मात्र योग्य नाही. स्वतःचे आकार काढता येत असताना त्याची गरजही नाही.

साहित्य जमवायला मुंबईत फार फिरावे लागत नाही. पॉलिश पेपर आणि लहान हत्यारे नागदेवी स्ट्रीटवर, ब्लेड, काच, ट्रेसिंग कागद अब्दुल रहमान स्ट्रीटच्या स्टेशनरीवाल्यांकडे. पिवळी टेप आणि मॉडेलचे खास रंग हॉबीच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात.

आपल्या विमानांच्या ऑर्डरी

स्पिटफायरवर हात बसला की आपल्याकडचे गिऱ्हाईक बहुधा मिग-२१ मागेल. ही विमाने नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे हवाई दलाने त्यांना शेवटचा निरोप दिला. ज्यांनी ती उडवली किंवा ज्यांनी ती ओझरला जोडली, त्यांच्या घरी एखादे मिग असावे असे वाटणे स्वाभाविक आहे.

या कामात ब्रिटिशांसारखा ठरलेला नकाशा मिळेल असे समजू नये. १९७१ च्या युद्धाच्या वेळी मिग-२१ विमानांवर जे कॅमोफ्लाज रंग चढवले गेले, ते जुन्या छायाचित्रांत पाहिले तर एका विमानाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. म्हणून ‘मिग-२१ रंगवून द्या’ एवढ्यावर ऑर्डर घेऊ नये. कोणती स्क्वाड्रन, कोणते साल, कोणता अनुक्रमांक हे विचारावे आणि त्याच विमानाचे छायाचित्र गिऱ्हाइकाकडून घ्यावे. ज्या माणसाने ते विमान उडवले आहे, त्याला पंखावरचा पट्टा चुकलेला लगेच कळतो. छायाचित्रात विमानाची एकच बाजू दिसत असेल तर दुसरी बाजू अंदाजाने रंगवली जाईल, हे आधीच लेखी सांगावे.

खरे विमान पाहायचे असेल तर दिल्लीला पालमचे हवाई दल संग्रहालय आहे. रणगाड्यांची मॉडेल करणाऱ्यांसाठी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उघडे आहे. तिथल्या रणगाड्यांना नंतर पुन्हा रंग दिलेला असू शकतो, तेव्हा आकार आणि जोड तिथे पाहावेत, युद्धकाळातील रंग मात्र त्या काळच्या छायाचित्रांवरून ठरवावेत. संग्रहालयात फोटो काढण्यापूर्वी परवानगी विचारावी, आणि लष्करी विमानतळाच्या कुंपणाबाहेरून कॅमेरा रोखण्याच्या फंदात कोणी पडू नये.

प्रत्येक पुऱ्या झालेल्या ऑर्डरचे मास्कचे आकार, रंगांचे क्रमांक आणि लागलेले तास एका वहीत लिहून ठेवावेत. त्याच स्क्वाड्रनमधला दुसरा अधिकारी चार महिन्यांनी आला, तर भाव सांगायला त्या वहीचे एकच पान उघडावे लागते.